मदत हवी आहे: बेंद्रे वर्गात नेमकं कसं शिकवायचे?

नमस्कार मंडळी. ना. श्री. बेंद्रे यांच्यावर लेख लिहायला घेतलाय. चित्रकार बेंद्रे हाताशी आहेत, शिक्षक बेंद्रे मात्र सापडत नाहीत.

जन्म १९१०, इंदूरचा. तिथे देवळालीकर मास्तरांकडे शिक्षण, मग भरपूर भटकंती आणि निसर्गचित्रं. १९५० मध्ये बडोदा विद्यापीठाच्या नव्या ललित कला शाखेत चित्रकला शिकवायला गेले, १९६६ पर्यंत राहिले. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, शांती दवे हे तिघेही चित्रकार त्यांचेच विद्यार्थी, पण एकाचं काम दुसऱ्यासारखं नाही आणि कुणाचंच बेंद्रेंसारखं नाही! मला तर हेच त्यांचं मोठं यश वाटतं. गुरूची नक्कल करणारे शिष्य काय, पैशाला पासरी.

त्याच काळात स्वतः ते घनवादाच्या (आकार भौमितिक तुकड्यांत मोडून रंगवायच्या शैलीच्या) वाटेने 'काटा' हे चित्र रंगवत होते. ते १९५५ चं. बडोदा सोडल्यावर बिंदुवादाकडे वळले: जवळून पाहिलं तर नुसते सुटे ठिपके, चार पावलं मागे सरकलं की बाईचा पदर दिसायला लागतो.

तर विचारायचं असं, की वर्गात ते विद्यार्थ्याच्या चित्रावर स्वतः ब्रश चालवायचे का? त्यांचं प्रात्यक्षिक प्रत्यक्ष पाहिलेलं इथे कुणी आहे का? जुन्या मराठी दिवाळी अंकांतली एखादी मुलाखत किंवा आठवणींचा लेख माहीत असेल तर अंकाचं नाव आणि साल कळवा. पानांचे फोटो मिळाले तर दुधात साखर. फक्त 'ते फार थोर होते' छापाचं नको, तसलं ढीगभर जमलंय.