मदत हवी आहे: 'द ग्रेट डिक्टेटर' की 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'?

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या आमच्या वाचनालयात १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, युद्ध आणि सत्तेवरचा एक जुना चित्रपट दाखवायचा आहे. १९३० साली या शहराने मार्शल लॉ सोसलाय, त्यामुळे विषय आम्हाला फार जवळचा आहे.

दोन नावांवर अडलोय. हिटलरची खिल्ली उडवणारा चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' (१९४०) आणि कुब्रिकचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४). मला स्वतःला दुसरा जास्त हादरवतो. एक वेडसर जनरल परस्पर अणुहल्ल्याचा हुकूम देतो आणि वॉर रूममधली शहाणीसुरती माणसं कोट्यवधींच्या मरणाचा हिशेब शांतपणे मांडत बसतात. पीटर सेलर्सच्या तिन्ही भूमिका तर बघतच राहाव्यात! पण प्रेक्षकांत निवृत्त यंत्रमाग कामगार आहेत, नववी-दहावीची मुलं आहेत. शीतयुद्धाची पार्श्वभूमी माहीत नसेल तर तो कितपत पोचेल? चॅप्लिन लगेच पोचतो. मात्र छळछावण्यांची खरी भीषणता तेव्हा माहीत असती तर हा चित्रपट करूच शकलो नसतो, असं त्यानेच पुढे आत्मचरित्रात लिहिलंय. मग मुलांना हे आधी सांगावं की नंतर?

कुणी असा खेळ केला असेल तर कृपया सांगा. मराठी सबटायटल्स कुठे मिळतील? नसतील तर बसून करायला आम्ही तयार आहोत, फक्त पद्धत शिकवा. आणि तिकीट न लावता दाखवलं तरी हक्कांची परवानगी लागतेच ना, ती कुणाकडे मागायची?