फ्रेंड्सच्या ब्लू-रे संचाची समीक्षा लिहिते आहे, नक्की काय तपासायचं?

निळी_छत्री

फ्रेंड्स या अमेरिकन विनोदी मालिकेचा ब्लू-रे संच नुकताच पूर्ण पाहून झाला आणि त्यावर समीक्षा लिहायला घेतली आहे. मालिका कशी आहे हे मला लिहायचं नाही. १९९४ ते २००४, दहा सीझन, २३६ भाग, यावर आजवर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते या संचाबद्दल: डिस्कवर काय आहे, कसं आहे, घ्यावा की नाही.

अडले आहे ती अशी. माझ्याकडे आधीपासून अमेरिकेतल्या डीव्हीडी आहेत आणि त्या इतक्या वेळा पाहिल्यात की पुढचं वाक्य आधी माझ्या ओठांवर येतं. ब्लू-रेवर कित्येक ठिकाणी ते वाक्य येतच नाही. प्रसंग तोच, पण मधलं एखादं उत्तर नाही, कुठे अख्खा छोटा तुकडा नाही. हा दोष म्हणून लिहायचा का?

दुसरं म्हणजे चित्र. डीव्हीडीवर ते ४:३, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं चौकोनाच्या जवळ जाणारं होतं, इथे पूर्ण पडदा भरतो. स्वच्छ आहे, मोनिकाच्या घराच्या जांभळ्या भिंती पहिल्यांदाच नीट दिसल्या. पण काही ठिकाणी कडेला जी व्यक्ती उभी दिसते ती त्या पात्राचं काम करणारी नटी नाहीच! मागे जाऊन पुन्हा पाहिलं, खरंच नाही.

आणि पुरवण्यांना, म्हणजे मुलाखती, फजितीचे तुकडे वगैरेंना, समीक्षेत किती जागा द्यावी? ज्यांनी असे संच बारकाईने पाहिलेत त्यांनी कृपया सांगा.

कात्री

छान प्रश्न विचारलात. मी संकलन करते, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येईल आणि जरा लांबेल.

आधी गायब वाक्यांचं. तुमच्या ब्लू-रेवर काही कापलेलं नाही. अमेरिकेतल्या डीव्हीडी काढल्या तेव्हा भाग वाढवले होते. मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीवर कधीच न दिसलेले संवाद आणि तुकडे त्यात जोडले होते. २०१२च्या ब्लू-रेवर आहे ती एनबीसीवर लागलेली आवृत्ती. म्हणून ‘संवाद गायब’ असं लिहू नका. ‘प्रक्षेपित आवृत्ती आहे, वाढीव नाही’ असं लिहा आणि वाढीव भाग ज्यांना प्रिय आहेत त्यांनी डीव्हीडी जपून ठेवाव्यात हेही सांगा. दोन्ही आवृत्त्या एकाच संचात दिल्या असत्या तर तो आदर्श संच झाला असता, ही तक्रार मात्र जरूर करा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर प्रक्षेपित आवृत्ती जास्त चांगली आहे. का ते सांगते. ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची. वाक्य पडतं, हशा येतो, नट थांबतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य. संकलक या लाटेवर काम करतो. बावीस मिनिटांत बसवायचं म्हणून तो जे काढतो ते बहुतेक वेळा पंचनंतरचं वाक्य असतं, आधीच हसून झालेल्या गोष्टीवरचं आणखी एक वाक्य. ते परत जोडलं की प्रसंग लांबतो आणि मूळ पंच बोथट होतो. वाढीव भाग पाहताना मला सतत जाणवतं की हे कुणीतरी विचारपूर्वक काढलं होतं. अर्थात काही तुकडे इतके गोड आहेत की ते वेळेअभावीच गेले असणार. तुम्हाला दोन्ही पाठ आहेत, तर असा एक प्रसंग निवडून दोन्हींची तुलना करा. तेवढा एक परिच्छेदसुद्धा तुमच्या समीक्षेला वजन देईल.

लांबी मोजताना पाकिटावर छापलेल्या वेळेवर विसंबू नका, प्लेअरवर प्रत्येक भागाची वेळ बघा. फक्त एक सांभाळा. पाल पद्धतीच्या, म्हणजे युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींची फिल्म बहुधा २५ च्या वेगाने चालवलेली असते. म्हणजे सगळं चार टक्के जलद. बावीस मिनिटांचा भाग एकवीस मिनिटं आणि काही सेकंदांत संपतो, एकही चौकट न कापता. आवाजही किंचित चढा लागतो. हे माहीत नसलं की लोक ‘एक मिनिट कापलं’ असं लिहून मोकळे होतात. उलट सत्तरच्या दशकातल्या मालिकांचे भाग सुमारे पंचवीस मिनिटांचे असायचे. तसल्या मालिकेच्या संचात सगळे भाग बावीसवर आले, तर पुनर्प्रक्षेपणासाठी छाटलेल्या प्रती वापरल्याचा संशय घ्यायलाच हवा.

आता चित्र, इथे मी जरा भांडेन. फ्रेंड्स ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, म्हणून इतकी स्वच्छ प्रत निघू शकली. पण दृश्यं बांधली होती ती ४:३ साठी. रुंद करताना बाजूंची उरलेली फिल्म उघडली आणि वरखाली थोडं कापलं. बाजूला जे दिसणारच नाही याची सेटवर खात्री होती, ते आता दिसतं. दुसऱ्या कुणाच्या संवादासाठी नटीच्या जागी उभी केलेली व्यक्ती हे त्याचंच उदाहरण.

लोक या चुका शोधून त्यांचे फोटो टाकतात आणि विषय तिथेच संपतो. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती क्लोज-अपची. ४:३ मध्ये चँडलरचा एकट्याचा चेहरा असायचा. रुंद चौकटीत शेजारच्याचा खांदा, कधी अर्धा चेहरा येतो. डोळा तिकडे जातो. संकलकाने तो शॉट लावला होता तो ‘आता फक्त याच्याकडे बघा’ असं सांगायला, आणि तेच सांगणं पातळ होतं. दारातून कुणी अचानक येणार असेल तर चौकटीची कड कुठे आहे यावर तो अचानकपणा ठरतो. विनोदात हे बारीकसारीक नसतं.

साइनफेल्डचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. आठव्या सीझनमध्ये खड्ड्याचा एक भाग आहे, जॉर्जच्या किल्ल्या त्यात पडतात आणि वर डांबर ओतलं जातं. २०२१मध्ये ही मालिका नेटफ्लिक्सवर रुंद चौकटीत आली, तेव्हा जॉर्ज आणि जेरी ज्या खड्ड्याकडे बघत उभे आहेत तो खड्डाच खालून कापला गेला. जुन्या ४:३ डीव्हीडीवर तो शाबूत आहे. म्हणून ‘रुंद चित्र, आधुनिक टीव्हीला साजेसं’ हे वाक्य कंपनीच्या पत्रकात शोभतं, समीक्षेत नको. मूळ चौकट दिली आहे का, नसेल तर बदलात काय गेलं, हे लिहा.

एका गोष्टीकडे कुणी बघत नाही: सबटायटल्स. नट वाक्याच्या मध्यावर थांबतो आणि खाली संपूर्ण वाक्य आधीच झळकतं. पंच वाचून झालेला असतो, मग ऐकायला काय उरतं? चांगल्या संचात ते वाक्य दोन तुकड्यांत येतं, थांबा जपला जातो. निदान पाच-सहा भाग सबटायटल्स लावून बघा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा सगळा विनोद या एका कामावर अवलंबून असतो. हशा लिहून दाखवलाय का, कुणाचं वाक्य पडद्याबाहेरून येतंय ते कळतं का, हेही पाहा.

पुरवण्यांना फार जागा देऊ नका. फजितीचे तुकडे सगळे बघतात आणि विसरतात. कॉमेंटरी असेल तर तिच्यात कुणी ‘हे असं का केलं’ ते सांगतं का, एवढं लिहा. नुसतं एकमेकांचं कौतुक असेल तर एका ओळीत सांगून पुढे जा.

टेपवाला

कात्रीताईंनी फिल्मचं सांगितलं, त्याला जोड देतो. समीक्षेच्या सुरुवातीलाच मालिका फिल्मवर झाली की व्हिडिओटेपवर, हे लिहायला हवं. त्याशिवाय चित्राबद्दलची कुठलीच टीका न्याय्य ठरत नाही.

आय लव्ह लूसी १९५१ची, तरीही तिची ब्लू-रे डोळे निववते. कारण ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ या तिच्या मुख्य कलाकारांनी ती हॉलीवूडमध्ये, प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिमी फिल्मवर करायचा आग्रह धरला. छायाचित्रण कार्ल फ्रॉइंडचं. त्या काळी न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपण करून देशाच्या दुसऱ्या टोकाला पडद्यावरून उतरवलेली धूसर नक्कल पाठवायची पद्धत होती. तसं झालं असतं तर आज आपल्याला काहीच नीट दिसलं नसतं.

याउलट फॉल्टी टॉवर्स ही ब्रिटिश मालिका. १९७५ आणि १९७९, अवघे बारा भाग. आतले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओटेपवर आणि बाहेरचे १६ मिमी फिल्मवर. दार उघडून नायक बेसिल अंगणात आला की चित्राचा पोतच बदलतो. हा डिस्कचा दोष नाही, तेव्हाची कामाची रीतच तशी होती. टेपमध्ये जेवढा तपशील आहे त्याहून जास्त कुठून आणणार? अशा मालिकेची ‘एचडी’ आवृत्ती निघाली की मी आधी चेहरे बघतो. त्वचा मेणासारखी गुळगुळीत, केसांचा एक गठ्ठा, म्हणजे यंत्राने चित्रातले बारीक दाणे पुसून वर कृत्रिम धार चढवली आहे. त्यापेक्षा टेपचं मूळ मऊ चित्र मला हजारदा चालेल. हात जोरात हलताना कडांना आडव्या रेषांचे दात दिसले तर तेही लिहा. ते टेपचं दुखणं नव्हे, तिच्या दर सेकंदाच्या ५० अर्धचौकटी (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) नीट न जुळवल्याचं आहे.

रेडिओ_रसिक

संगीत राहिलं! माझ्यासाठी तर हाच पहिला मुद्दा.

डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी (१९७८–८२) ही एका रॉक रेडिओ केंद्रावरची मालिका. पात्रं तबकड्या लावतात, गाण्यावर बोलतात, गाण्याच्या ओळीवर विनोद उभा राहतो. प्रक्षेपणापुरते गाण्यांचे हक्क घेतले होते. पुढे डिस्कसाठी ते नव्याने विकत घ्यायचे तर खर्च अफाट. २००७मध्ये पहिल्या सीझनची डीव्हीडी आली ती जागोजागी बदललेल्या संगीतासह. पार्श्वभूमीला कुठलंतरी निनावी वाद्यसंगीत, आणि पात्रं मात्र त्याच्याकडे आवडतं गाणं ऐकल्यासारखी बघताहेत. मला ते पाहवलं नाही. २०१४मध्ये शाउट फॅक्टरीने संपूर्ण मालिकेचा संच काढला आणि बरीचशी मूळ गाणी परत मिळवली. सगळी नाही, पण मालिका पुन्हा ओळखू येऊ लागली. अशा कामासाठी वकिलांबरोबर बसून एकेक गाणं सोडवणाऱ्या माणसांचं समीक्षेत नाव घेऊन कौतुक व्हायला हवं.

मॅरीड... विथ चिल्ड्रनच्या डीव्हीडींवर तर तिसऱ्या सीझनपासून सिनात्राचं शीर्षकगीतच काढून दुसरी धून घातली होती. पाकिटावरच्या बारीक अक्षरांत ‘काही संगीत बदलले आहे’ अशी ओळ असते, ती आधी शोधा. फ्रेंड्सला हा त्रास कमी, पण कॉफी हाऊसमधल्या आणि लग्नांमधल्या प्रसंगांत मागे वाजणारी गाणी डीव्हीडीशी ताडून पाहाच.

शेवटचा_बाक

एक उपप्रश्न. मॅश या युद्धातल्या डॉक्टरांवरच्या मालिकेच्या डीव्हीडीवर हशा बंद करून बघायची सोय आहे. मूळ स्वरूप जपायचं तर ही सोय म्हणजे छेडछाड नाही का? कात्रीताई काय म्हणतील?

कात्री

मला ती सोय फार मोलाची वाटते. मॅशमध्ये हशा प्रेक्षकांचा नव्हताच. ती एका कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित झाली आणि सीबीएस वाहिनीने आग्रह धरला म्हणून हशा नंतर भरला. मालिका घडवणाऱ्या लॅरी गेलबार्ट यांना तो नको होता. शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा येणार नाही एवढं त्यांनी मिळवलं. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका हशाविना दाखवली. म्हणजे दोन्ही रूपं प्रक्षेपित झालेली आहेत आणि डिस्क दोन्ही देते. मूळ ध्वनी ठेवून वर पर्याय देणं याला मी छेडछाड म्हणणार नाही. मूळ काढून टाकलं असतं तर म्हटलं असतं.

एकच भाग दोन्ही प्रकारे पाहा. हॉकाय हा डॉक्टर तीच वाक्यं बोलतो, पण हशा गेला की ती स्वतःला सावरण्यासाठी बोललेली वाटतात. तंबूतला थकवा ऐकू येतो. मी तरुण सहकाऱ्यांना हे मुद्दाम दाखवते, कारण ध्वनीचा एक थर काढल्यावर अभिनय किती बदलतो हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

फ्रेंड्सला ही सोय देता येणार नाही. तिथे प्रेक्षक समोर बसलेले होते, त्यांचा आवाज नटांच्या संवादांत मिसळलेला आहे. शिवाय नट हशासाठी थांबलेले आहेत. तो काढला तर भोकं उरतील.

निळी_छत्री

मनापासून आभार सगळ्यांचे. ‘गायब संवाद’ हा परिच्छेद खोडला. आता डीव्हीडी आणि ब्लू-रे शेजारी लावून काही भाग ताडून पाहणार आहे. सगळे २३६ शक्य नाहीत. कुठले निवडू?

कात्री

पहिल्या सीझनमधला एक आणि आठव्या-नवव्यातला एक घ्या, म्हणजे फिल्मची प्रत आणि प्रकाशयोजना काळानुसार कशी बदलली ते कळेल. तिसरा असा घ्या ज्यात सहाही जण बराच वेळ एका खोलीत आहेत. थँक्सगिव्हिंगचे भाग त्यासाठी उत्तम. सहा जण एका चौकटीत बसवताना ४:३ मध्ये कुणाला कुठे उभं केलंय आणि रुंद झाल्यावर मध्ये किती मोकळी जागा पडली, ते तिथे लगेच दिसतं. श्रेयनामावलीवर येणारा शेवटचा छोटा प्रसंगही दोन्हीकडे बघा, तो पूर्ण आहे ना.

दोन्ही डिस्क एकाच टीव्हीवर, एकाच सेटिंगवर लावा. आणि टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा, नाहीतर हालचालीतला फरक डिस्कचा की टीव्हीचा हे सांगता येणार नाही.