मदत हवी आहे : मसीरा बेटावर सर्फिंग, आसपास चिटपाखरू नसताना पाण्यात कसं उतरावं?

पुळणवेडी

नमस्कार मंडळी,

मी मूळची देवगडची, गेली अकरा वर्षं मस्कतला. सर्फिंग चाळिशीनंतर शिकले, गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर, दोन सुट्ट्यांत मिळून जेमतेम वीस दिवस. त्यानंतर ओमानमध्येच लाटा शोधत फिरतेय. तीन पावसाळे अल अश्खरा आणि असीला इथे जाऊन झाले. (पावसाळे म्हणायची सवय. त्या भागात थेंब पडत नाही.)

ज्यांना हा किनारा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जून ते सप्टेंबर जो नैऋत्य वारा आपल्या कोकणात पाऊस घेऊन येतो, तोच इथे ओमानच्या अरबी समुद्राकडच्या किनाऱ्याला घासून जातो. देवगडला या दिवसांत होड्या वर ओढून शाकारल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे नुसतं बघायचं. इथे त्याच वाऱ्याच्या लाटा वाळवंटाच्या कडेला येऊन फुटतात. वारा वरचं गरम पाणी ढकलून नेतो, खालचं गार पाणी वर येतं, म्हणून जुलैत मस्कतला 45 अंश असताना अश्खऱ्याला पाण्यात अर्धा तास झाला की दात वाजतात. मागे वाळूच्या टेकड्या, उंट, मधेच धुकं. आणि पाण्यात दुसरं कोणी नाही. पहिल्या वर्षी मला हेच सगळ्यात जास्त आवडलं होतं.

गेल्या जुलैत त्याचीच भीती बसली. असीलाच्या पुढे एका पुळणीवर सकाळी साडेसहाला उतरले. यजमान किनाऱ्यावर गाडीपाशी. ते पोहत नाहीत. पाच-सहा लाटा छान मिळाल्या, मी त्याच नादात. मग वळून पाहिलं तर आमची पांढरी गाडी काडेपेटीएवढी दिसत होती. वाऱ्याबरोबर पाणी किनाऱ्याला समांतर ईशान्येकडे चाललं होतं आणि बोर्डावर बसल्या जागी मी त्याच्याबरोबर निघाले होते. उलट दिशेने हात मारायला लागले तर किनाऱ्यावरचा एक काळा दगड होता, तो दहा मिनिटं माझ्या शेजारीच राहिला. मी एक हातही पुढे सरकले नव्हते. तेव्हा कुठे डोकं चाललं आणि गाडीचा नाद सोडून सरळ वाळूकडे वळले. बाहेर आले तेव्हा पाय लटपटत होते. बोर्ड काखेत धरून शिंपल्यांच्या चुऱ्यावरून अनवाणी चालत होते, तेवढ्यात पिकअपने होडी ओढत नेणारे एक वयस्क मच्छीमार थांबले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग खजूर, मग मागे बसायला सांगितलं. यजमानांना मी दिसेनाशी होऊन चाळीस मिनिटं झाली होती. कोणाला फोन करावा, पाण्यात शिरावं की गाडी घेऊन किनाऱ्याने शोधावं, काहीच ठरवता आलं नाही, असं ते म्हणाले. त्या दिवशी घरी येईपर्यंत आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

आता प्रश्न. या जुलैत ओमानच्याच मसीरा बेटावर तीन दिवस जायचं मनात आहे. सिनाव, महूतवरून शन्नाला जायचं आणि तिथून बोटीत गाडी चढवून हिल्फ, एवढं माहीत आहे. बेट सुमारे 95 किलोमीटर लांब, पूर्व किनारा सगळा उघड्या समुद्राला तोंड करून, आणि माणूस विरळ. लेक चौदा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उत्तम पोहते, आणि या वेळी तिलाही लाटांवर यायचं आहे. तिला घेऊन उतरू का? जुलै योग्य आहे का? अनोळखी किनाऱ्यावर, जिथे विचारायला कोणी नाही, तिथे पाण्याची ओढ कशी ओळखायची? आणि जो पोहत नाही त्या माणसाने किनाऱ्यावर नेमकं काय करायचं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. माझा बोर्ड आठ फुटी, फोमचा. कृपया अनुभवी मंडळींनी लिहा.

सूरनिवासी

ताई, सुखरूप आलात हे वाचून बरं वाटलं. मी सूरला राहतो, मसीराला सात-आठ वेळा गेलोय, बहुतेक वेळा काइटवाल्या (पतंगाच्या ओढीने बोर्डावर पाण्यातून जाणाऱ्या) मित्रांबरोबर. त्यातूनच सांगतो: जुलै नको.

जून ते ऑगस्ट मसीराला वारा सकाळी पडेल आणि संध्याकाळी उठेल असं काही नसतं. तो रात्रीही तंबू हलवत असतो. काइटवाल्यांना तेच हवं असतं, म्हणून ते त्याच दिवसांत जातात. पण तुमच्या दृष्टीने धोका वेगळाच आहे. बेट साधारण नैऋत्य-ईशान्य आडवं पडलंय, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर हा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो आणि काही वळणांवर चक्क जमिनीकडून पाण्याकडे. अशा वळणावर काठाजवळचं पाणी गुळगुळीत, शहाण्यासारखं दिसतं. नवख्या माणसाला वाटतं, हीच जागा बरी. शंभर मीटर आत गेलात की जमिनीचा आडोसा संपतो आणि वारा पाठीत बसतो. असीलाला पाण्याने तुम्हाला काठाकाठाने नेलं, म्हणून वाळू हाताशी राहिली. इथे ते खोल समुद्राकडे नेऊ शकतं, आणि आठ फुटी फोमचा बोर्ड वाऱ्याला शिडासारखा लागतो.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बघा. वारा उतरलेला असतो, लाट अजून येत असते. फक्त तेव्हापासून वादळांवर नजर ठेवा. 2021 च्या सप्टेंबरअखेरीस गुलाब वादळ आंध्रात शिरलं, मराठवाड्याला पुरात बुडवून अरबी समुद्रात उतरलं आणि शाहीन नावाने 3 ऑक्टोबरला ओमानवर येऊन आदळलं. म्हणजे तिकडे गावी फोन केल्यावर पाऊस किती पडतोय हे कळतं, तेही ऐकत जा.

रस्त्याचं एवढंच की शन्नाच्या आसपास डांबर सोडू नका. ते सपाट मिठाचं मैदान वरून कडक आणि आतून चिखल असतं, त्यात रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीशिवाय निघत नाही. बेटावर वाळूत उतरायचं तर टायरची हवा 16-18 पीएसआयपर्यंत कमी करा आणि भरायचा पंप बरोबर असू द्या. पेट्रोल, दुकानं, दवाखाना सगळं हिल्फला, उत्तर टोकाला. पाणी तिथूनच भरून निघा.

तांडेलाचा नातू

ताई, मी हर्णैचा. सर्फिंग कधी केलं नाही, पण पाण्याबद्दल आजोबांकडून जे ऐकलं ते कुठल्याही किनाऱ्याला लागू पडावं.

अनोळखी पुळणीवर आधी उंचावर बसायचं. वाळूची टेकडी असेल तर उत्तम. अर्धा तास काही करायचं नाही, फक्त बघायचं. जिथे लाटा फुटतात तिथे पाणी आत येतंय. मधे एखाद्या पट्ट्यात लाट फुटतच नाही, पाणी गढूळ आणि फेस समुद्राकडे सरकतोय, तर ती बाहेर जाणारी ओढ. नवीन माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. मग एखादं लाकूड किंवा नारळाचं सोडण टाकून ते कुठे जातं ते पाहायचं. पाच मिनिटांत किती लांब गेलं ते पावलांनी मोजायचं. ते तुमच्या चालण्याच्या वेगाने जात असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही.

तिथीही बघा. चंद्र तिथेही तोच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ये-जा जोरात, अष्टमीच्या भांगाला मंद. पहिला दिवस भांगाचा धरा. आणि सुकती (ओहोटी) लागलेली असताना अनोळखी पाण्यात उतरू नका. तुम्ही देवगडच्या, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण लाटेच्या नादात माणूस विसरतो.

लाटभेट

पुळणवेडी ताई, मी मुळकीला शिकले आणि आता लहान मुलांना शिकवते. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तो खरंच महत्त्वाचा आहे आणि सहसा कोणी विचारत नाही.

किनाऱ्यावरचा न पोहणारा माणूस निरुपयोगी नसतो. पण त्याला काम नेमून द्यावं लागतं. पहिला नियम, त्याने कंबरेच्या वर पाण्यात शिरायचं नाही, समोर काहीही होवो. वाचवायला गेलेला माणूसच बुडाला, असं आपण दर वर्षी वाचतो. त्याच्याकडे दुर्बीण, शिट्टी, चार्ज केलेला फोन आणि गाडीची किल्ली. ओमानमध्ये 9999 हा पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक आहे. पुळणीवर फोन लागतो का ते उतरण्याआधी पाहा. लागत नसेल तर लागतो ती जागा गाडीने किती मिनिटांवर आहे हे येतानाच बघून ठेवा.

मग खुणा ठरवा. तुम्ही एक हात डोक्यावर सरळ उभा धरला तर "ठीक आहे". हात इकडून तिकडे हलवला तर "मदत". त्यांनी दोन्ही हात वर केले की तुम्ही बाहेर यायचं, वाद नाही. किनाऱ्यावर एकमेकांपासून पन्नास पावलांवर दोन नारिंगी कापडं काठ्यांना बांधून रोवा. तुम्ही त्या दोन कापडांच्या बाहेर गेलात की त्यांनी शिट्टी वाजवायची. वाऱ्यात शिट्टी ऐकू येणार नाही असं धरून चाला, म्हणून दर तिसऱ्या लाटेनंतर तुम्ही स्वतः कापडांकडे बघायचं. वाहत गेलात तर समुद्रातूनच माघारी येण्याचा हट्ट नको. वाळूवर या, चालत परत जा, पुन्हा उतरा. तुम्ही शेवटी तेच केलंत. दहा मिनिटं उशीर झाला, एवढंच.

लेकीला न्या. पण दोघी एकाच वेळी लाटेमागे नको. पहिले दोन दिवस ती कंबरभर पाण्यात, फेसाच्या लाटांवर, आणि तुम्ही तिच्याजवळ उभ्या. पोहणं उत्तम असणं वेगळं आणि बोर्ड हातून सुटल्यावर न घाबरणं वेगळं. लीशची (बोर्ड पायाला बांधून ठेवते ती) दोरी आणि पट्टा दोघींनी रोज उतरण्यापूर्वी ओढून बघायचा.

दोन लहान गोष्टी. पाय वाळूत घासत चाला, पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दडलेलं असतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा, म्हणून थर्मास भरलेला असू द्या. आणि बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका, फोमचे थर सुटतात. मी गोधडीत गुंडाळून, ओला पंचा टाकून नेते.

सूरनिवासी

लाटभेट यांनी फार नीट लिहिलंय. एक भर. मसीरावर लॉगरहेड कासवं मोठ्या संख्येने अंडी घालतात, जगातल्या मोजक्या मोठ्या जागांपैकी ती एक. मे ते ऑगस्ट अंडी घालायचे दिवस, म्हणजे सप्टेंबरात वाळूखाली पिल्लं असणार. रात्री पुळणीवर गाडी घालू नका, मोठे दिवे लावू नका. चाकाच्या खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू वर चढू शकत नाही, ते चाकोरीतूनच चालत राहतं. मी एकदा सकाळी अशी तीन उचलून पाण्याकडे सोडलीत.

पुळणवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा यजमानांना वाचून दाखवला. "कंबरेच्या वर शिरायचं नाही" या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं की त्या दिवशी ते छातीभर पाण्यात जाऊन परत आले होते. मला हे वर्षभर माहीत नव्हतं.

जुलै रद्द. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, अष्टमी धरून जाऊ. लेक थोडी रुसली होती, पण वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना तिने लहानपणी पाहिली आहेत, त्यामुळे कासवांचं ऐकल्यावर तयारीला लागली. नारिंगी कापडं आज शिवून झाली, जुन्या ओढणीची. त्याआधी एकदा अश्खऱ्याला जाऊन खुणांचा सराव करणार आहोत, मी फक्त गुडघाभर पाण्यात आणि ते किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन.

सूरनिवासी दादा, एकच राहिलं. शन्नाला सकाळच्या बोटीसाठी गाडी किती आधी रांगेत लावावी लागते? आदल्या रात्री महूतला मुक्काम करावा की पहाटे सिनावहून निघालं तरी पोचू?