मदत हवी आहे: पीस लिलीची कुंडी आता बदलू का?

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते, गॅलरी पूर्वेची. रंगपंचमी झाली तशी मनीप्लांटला भराभर नवी पानं फुटली, पण पीस लिली रुसलीय. पानांची टोकं तपकिरी, मातीवर पांढरा थर, मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर. सोसायटीत बोअरचं पाणी येतं, थर त्यातल्या क्षारांचाच असावा. नाशकात पारा चाळिशीला टेकायच्या आत कुंडी बदलावी, की पावसाळ्यापर्यंत थांबावं? कोकोपीट, गांडूळखत, माती किती-किती घेता? नर्सरीवाले दादा म्हणतात डीएपी (रासायनिक खत) टाका. मला नाही पटत, आधीच क्षार काय कमी आहेत! आणि हो, आरओचं टाकाऊ पाणी कृपया सुचवू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.