हरभऱ्याच्या प्रकल्पाला दहावीत वाढीव गुण द्यायचे का?

रब्बीवाला: खेळाला, लोककलेला, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला दहावीत वाढीव गुण मिळतात. शेतीप्रकल्प नेटाने करणाऱ्या पोराच्या पदरात काही नाही. माझं म्हणणं: नववीच्या रब्बीत एक गुंठा हरभरा, 30 बाय 10 सेंमीवर, विजयसारख्या वाणाचं पाऊण किलो बी, पेरणी ते काढणी नोंदवही आणि त्याला मंडळाची मान्यता. दहावीत नको, तिथे काढणी आणि बोर्डाची परीक्षा एकमेकांच्या अंगावर येतात.

मोजपट्टी: विरोध. गुण जाहीर झाले की झेरॉक्सच्या दुकानात तयार फायली मिळायला लागतील. घाटेअळीचा कामगंध सापळाच घ्या, मादीच्या वासाने त्या किडीचे नर पतंग पकडणारा. अडकलेल्या पतंगांची खरी नोंद वेडीवाकडी असते: 0, 0, 3, 11, 4. घरबसल्या भरलेली 5, 6, 7, 8 अशी शहाण्यासारखी चढत जाते, त्यात शून्य सापडत नाही. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, बदलल्याची तारीखही नसते. महिन्याभरात त्याचा वास उडतो आणि रिकामा सापळा बघून पोरगं लिहितं, 'कीड नाही'. हे तपासणार कोण?

बांधावरचा: @मोजपट्टी, मग गुण सोडा, मान्यता ठेवा. अमेरिकेतली एफएफए, म्हणजे शेती शिकणाऱ्या शाळकरी पोरांची संघटना, 1928 ला कॅन्सस सिटीत सुरू झाली, 1950 मध्ये तिला काँग्रेसने सनद दिली. तिथे ग्रीनहँड, चॅप्टर, स्टेट, अमेरिकन अशा चढत्या पायऱ्या आहेत. वर चढायचं तर स्वतःच्या प्रकल्पाचा हिशेब दाखवावा लागतो, सभा चालवणं, भाषण करणं हेही त्यातच येतं. अनेक ठिकाणी शेतीशिक्षकाची नेमणूक बारमाही असते, म्हणून तो उन्हाळ्यातही पोरांच्या प्रकल्पावर जातो. आपल्याकडे नेमकी हीच जागा रिकामी आहे.

तिसरी_पाळी: सनदेचं कौतुक जरा बेतानं. कृष्णवर्णीय मुलांची एनएफए ही वेगळी संघटना 1935 पासून होती, ती एफएफएत विलीन झाली 1965 ला. मुलींना राष्ट्रीय पातळीवर सदस्यत्व मिळालं 1969 ला. म्हणजे सनद हातात असतानाही दार सगळ्यांना उघडं नव्हतं. आता @रब्बीवाला यांचा गुंठा बघा. ज्यांच्या घरी सातबाराच नाही त्यांनी तो आणायचा कुठून? बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागता परततात. तुमचा अख्खा रब्बी हंगाम ती पोरं फडावर असतात!

रब्बीवाला: हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जमिनीची अट काढतो. त्यांच्यासाठी सोयाबीनची उगवणचाचणी ठेवू: ओल्या गोणपाटावर 100 दाणे, दहाच्या दहा ओळी, गुंडाळून सावलीत, ओल टिकवायची, आठव्या दिवशी मोजणी. 70 च्या खाली आलं तर बियाणं त्या प्रमाणात वाढवायचं. एकरी 30 किलोचा हिशेब 70 टक्क्यांवर धरलेला असतो, म्हणून 60 ला 35 किलो. गावातल्या पाच घरांचं बी तपासलं तरी गावाला उपयोग.

मोजपट्टी: चाचणी चांगली आहे, वेळ चुकली. ती पेरणीच्या तोंडावर, मे अखेरीस करायची, तेव्हा शाळेला कुलूप.

बांधावरचा: एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घ्या की, सुट्टी लागायच्या आधी. तोवर बरीच पोरं परतलेली असतात.

मोजपट्टी: सोयाबीनचं टरफल पातळ. एप्रिलमध्ये 78 भरलेलं पोतं दोनदा आपटलं, थप्पीत तळाशी गेलं की जूनमध्ये तेच 60 वर येऊ शकतं. त्यामुळे नोंदवहीत आकड्याच्या आधी दोन रकाने हवेत: चाचणीची तारीख आणि त्यानंतर पोतं किती वेळा हलवलं.

तिसरी_पाळी: आणि तिसरा रकाना, बी कोणाच्या घरचं.