५०,००० रुपयांत पहिला गेमिंग संगणक : सुटे भाग निवडताना गावची वीज आणि उन्हाळा कसा विचारात घ्यावा?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकतो. मोठ्या भावाच्या सेतू केंद्रात दोन वर्षे संध्याकाळचे काम करून मी ५०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत आणि त्यांतून स्वतःच्या हाताने जोडलेला पहिला गेमिंग संगणक उभा करण्याची इच्छा आहे. व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ नियमित खेळायचा आहे. त्याशिवाय मोठ्या नकाशाचे एक-दोन खेळ मध्यम सेटिंगवर अडखळल्याविना चालावेत, एवढीच अपेक्षा आहे. मॉनिटर केंद्रातला जुना साडेअठरा इंची मिळणार असून त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची चित्राची जोडणी आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानदाराने ३२,००० रुपयांत तयार संगणक देऊ केला आहे. ‘आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅटचा एसएमपीएस’ असे त्याने कागदावर लिहून दिले (एसएमपीएस म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा). मी स्वतः काढलेल्या यादीत रायझन ५ ५६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि आरएक्स ६६०० कार्ड आहे. पण ती यादी माझ्या पैशांत जेमतेम बसते, आणि तीसुद्धा कॅबिनेटसोबत मिळणारा साधा एसएमपीएस घेतला तरच. अशा वेळी आय-७ घेऊन १८,००० रुपये वाचवणे शहाणपणाचे ठरेल का?

घरची परिस्थितीही सांगतो. आमचे घर वावरांना लागून आहे. रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले की संध्याकाळी दिवे मंद होतात आणि लाइन दिवसातून तीन-चार वेळा जाते. घरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वेगळा यूपीएस घेण्याची गरज नाही असे मी धरून चाललो आहे.

उत्तर (हिंगणघाट)

आपण विकत घेण्याआधी विचारलेत, हे फार बरे झाले. आधी त्या ३२,००० रुपयांच्या संगणकाविषयी लिहितो. ‘आय-७’ एवढ्या नावावरून प्रोसेसरचे वय कळत नाही; त्यापुढचा आकडा विचारा. या किमतीत नवीन म्हणून विकले जाणारे आय-७ बहुधा २६०० किंवा ३७७० असतात, म्हणजे अनुक्रमे २०११ आणि २०१२ सालचे. त्यांना डीडीआर३ रॅम लागते, जी पुढे दुसऱ्या कोणत्याही नव्या बोर्डावर चालणार नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यातच विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालवण्यासाठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) ही दोन्ही सुरू असावी लागतात. थोडक्यात, ज्या खेळासाठी आपण संगणक घेता आहात, त्याच खेळाचे दार उद्या बंद होण्याची शक्यता त्या यंत्रात आहे. राहिले ४ जीबीचे कार्ड. ते जर जीटी ७३० निघाले, तर ते २०१४ सालचे आहे. कार्डावरची मेमरी किती आहे यावरून ते किती वेगाने चित्र काढेल हे ठरत नाही.

आपली यादी मुळात चांगली आहे. रायझन ५ ५६०० हा २०२२ सालचा सहा कोअर आणि बारा थ्रेडचा प्रोसेसर आहे. त्याचा टीडीपी, म्हणजे कूलरला वाहून न्यावी लागणारी उष्णता, ६५ वॅट असून सोबत कूलर मिळतो. त्याच्या आत ग्राफिक्स नाही, म्हणून मॉनिटरची वायर कार्डालाच लावावी लागेल. मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावून पडदा काळा दिसला की पहिल्यांदा जोडणारा घाबरून जातो. आरएक्स ६६०० वर व्हीजीए नाही, तेव्हा एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आठवणीने घ्या. बी४५० बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचा बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) ५६०० ला ओळखणार नाही. दुकानातूनच बायोस अद्ययावत करून, पडदा सुरू झालेला डोळ्यांनी पाहून मगच बोर्ड घरी आणा. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या, कारण दोन पट्ट्यांवर प्रोसेसर एकाच वेळी दोन वाटांनी मेमरी वाचतो.

मात्र कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या पहिल्या संगणकात मी नेमके तेच केले होते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत एका संध्याकाळी लाइन गेली, आली, पुन्हा गेली आणि परत आली तेव्हा तो एसएमपीएस जळाला. जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. त्यावर ‘४५० वॅट’ असे छापलेले होते.

अशा स्वस्त एसएमपीएसच्या मागे बऱ्याचदा ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल खटका असतो. याचा अर्थ तो एका वेळी एकाच पट्ट्यातल्या व्होल्टेजवर चालतो, आणि संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरले की संगणक अचानक बंद होतो किंवा पुन्हा सुरू होतो. व्होल्टेज कमी आहे म्हणून तो खटका ११५ वर सरकवण्याची चूक कधीही करू नका; डीपीवरचा भार उतरून व्होल्टेज पूर्ववत होताच एसएमपीएस फुटेल. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (येणारी वीज सावरून घेणारे सर्किट) असलेला, १०० ते २४० व्होल्टचा पूर्ण पट्टा झेलणारा एसएमपीएस घेतला तर हा खटकाच नसतो आणि मंद दिव्यांच्या वेळीही यंत्र चालू राहते. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि एक आठ पिनी जोडणी पुरते. संपूर्ण संगणक खेळतानाही साधारण २५० वॅटच्या आत राहतो. म्हणून ५५० वॅटचा चांगल्या बनावटीचा, निदान पाच वर्षांची हमी असलेला एसएमपीएस पुरे. ‘८० प्लस ब्राँझ’ ही खूण विजेची बचत किती होते एवढेच सांगते, ती टिकाऊपणाची खात्री नव्हे. त्यामुळे हमीची वर्षे अधिक महत्त्वाची मानावीत.

पैसे कमी पडत असतील तर कात्री प्रोसेसरला लावा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे आपली जुनी यादी आता कदाचित बसणार नाही. आय-३ १२१००एफ आणि डीडीआर४ चा एच६१० बोर्ड ही जोडी चार कोअरची असली तरी व्हॅलोरंटला उत्तम पुरते, आणि त्याच बोर्डावर पुढे आय-५ १२४००एफ बसवता येतो.

उत्तर (चंद्रपूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्याला उन्हाळ्याची जोड देतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी ४० अंशांहून अधिक तापमान असते. इंटरनेटवरच्या चाचण्या वातानुकूलित खोलीत, २२ ते २५ अंशांवर केलेल्या असतात. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून त्या चाचणीत ७० अंश दिसले असतील तर आपल्या खोलीत ते ८५ च्या घरात जाईल. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. ती गाठली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. यासाठी समोरची बाजू जाळीची असलेले कॅबिनेट घ्या. दिव्यांची रोषणाई आणि समोर अखंड काच असलेली कॅबिनेटे दिसायला सुंदर असतात, पण त्यांत हवा शिरायला वाटच नसते.

वाळ्याच्या कूलरबद्दल एक गोष्ट अनुभवाने सांगतो. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. आमच्या पाण्यात क्षार फार. दोन उन्हाळ्यांत माझ्या ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर आणि बोर्डाच्या पिनांवर पांढरा थर चढला होता. कूलर खोलीच्या एका टोकाला आणि संगणक दुसऱ्या टोकाला असावा, आणि खिडकी थोडी उघडी असावी, म्हणजे दमट हवा कोंडून राहत नाही.

धुळीचे म्हणाल तर कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असतो आणि त्याचे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात. समोरची जाळी काढून धुता येते का, हे कॅबिनेट घेतानाच पाहून घ्या. दिवाळीपासून होळीपर्यंत ती दर पंधरा दिवसांनी झटकावी. मळणीचे कुटार उडत असेल त्या दिवशी संगणक झाकून ठेवलेला बरा, अर्थात बंद करून.

उत्तर (अचलपूर)

माझे मत थोडे निराळे आहे. ५०,००० रुपयांत सर्व काही एकदम बसवण्याचा अट्टहास का करावा? रायझन ५ ५६००जी घ्या. त्याच्या आत ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्डाचे पैसे आज वाचतात. आणि या गटातल्या कितीतरी मदरबोर्डांवर व्हीजीए जोडणी असते, तेव्हा आपला जुना मॉनिटर कन्व्हर्टरशिवाय चालेल. व्हॅलोरंट त्यावर व्यवस्थित चालतो, फक्त रॅमच्या दोन पट्ट्या हव्यातच, कारण आतले ग्राफिक्स त्याच रॅमवर जगते. वाचलेल्या पैशांतून चांगला एसएमपीएस आणि यूपीएस घ्या, आणि पुढच्या हंगामात कार्ड घ्या.

कार्ड घेताना आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, पण ते टाळा. ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, चारच लेनवर (वाटांवर) चालते. बी४५० बोर्डावर किंवा ५६००जी सोबत ती जोडणी तिसऱ्या पिढीची राहते, आणि मेमरीही ४ जीबीच असल्याने मोठ्या खेळांत त्याची ओढाताण होते.

उत्तर (हिंगणघाट)

अचलपूरच्या मित्रांचा मार्ग काटकसरीचा आहे, पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. म्हणून पुढे कार्ड लावल्यावर ५६००जी खेळांत मागे पडतो. शिवाय मोठ्या नकाशाचे खेळ आतल्या ग्राफिक्सवर समाधानकारक चालणार नाहीत. वर्षभर केवळ व्हॅलोरंटवर भागत असेल, तरच तो मार्ग धरावा.

इन्व्हर्टरविषयी लिहायचे राहिले होते. त्याच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको अशा दोन स्थितींचा खटका असतो. नॉर्मल स्थितीत लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तो पंख्याला चालतो पण संगणकाला चालत नाही. एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. यूपीएस स्थितीत बदल लवकर होतो, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली उतरताच इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि आपल्या घरी तर तो दर संध्याकाळी जाईल. मग खरोखर लाइन गेली तेव्हा बॅटरी रिकामी असेल. आपला इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा (लाइनसारखी गुळगुळीत नव्हे, तर चौकोनी लहरींची वीज देणारा) असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसशी त्याचे जुळेलच असे नाही. म्हणून मल्टिमीटर आणून आठ दिवस संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत व्होल्टेज मोजा आणि ते आकडे इथे लिहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. दुकानदाराला फोन करून प्रोसेसरचा पूर्ण आकडा विचारला. तो ३७७० निघाला, म्हणून तो विचार सोडला. आठ दिवस व्होल्टेज मोजले. दुपारी २२५ ते २३५, संध्याकाळी साडेसातला सर्वांत कमी १६८, आणि पंप बंद झाल्यावर रात्री अकराला २४८. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे. मी आय-३ १२१००एफ, आरएक्स ६६०० आणि ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस असे ठरवले आहे. मात्र तीन पिनी बोर्डात अर्थिंगच्या छिद्राला वायर जोडलेलीच नाही, असे मोजताना लक्षात आले. याने काही बिघडेल का?

उत्तर (हिंगणघाट)

बिघडेल. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या आतील फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर हलका करंट राहतो. ओल्या पायांनी हात लावला की झिणझिण्या येतात. संगणक आणण्याआधी वायरमनला बोलावून अंगणात तांब्याच्या पट्टीचे अर्थिंग करून घ्या, कोळसा-मीठ भरून, आणि उन्हाळ्यात तिथे आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाकत जा. झाल्यावर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. फेज-न्यूट्रलमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजच्या जवळपास आकडा आला पाहिजे. त्यानंतरच भाग मागवा, आणि १६८ व्होल्टच्या वेळी इन्व्हर्टरचा खटका नॉर्मलवर ठेवून खेळा, म्हणजे बॅटरी रिकामी होणार नाही; मात्र या स्थितीत लाइन गेली तर संगणक बंद पडेल, म्हणून त्या दोन तासांत अधूनमधून सेव्ह करत राहा.