सल्ला हवा आहे: दोन नळ्यांच्या जुन्या रेग्युलेटरचा नाद असलेल्या बाबांसाठी समुद्रकाठची सुट्टी

मिहीर_ठाणे
नमस्कार मंडळी. बाबा मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. स्कुबाचं लायसन्स उशिराच काढलं, पण आता त्यातही जुन्या सामानाचा नाद लागलाय. घरी फ्रेंच बनावटीचा दोन नळ्यांचा 'मिस्त्राल' रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) आहे, 1955 साली बाजारात आलेलं मॉडेल. शिवाय अंडाकृती काचेचा मास्क, काळ्या रबराच्या जड फिन्स, आणि चोरबाजारातून आणलेलं पाणबुड्याचं एक पितळी शिरस्त्राण. (ते मुरादाबादी नक्कल आहे हे त्यांना आम्ही कोणी सांगितलेलं नाही.) आईचं म्हणणं, लोकांच्या शोकेसमध्ये काचसामान असतं, आमच्याकडे रबर.

पुढच्या वर्षी दोघांना घेऊन कुठेतरी समुद्रावर आठवडाभर जायचं आहे. बाबांना हे सगळं जिथे सुरू झालं ती जागा बघायची आहे, आणि जमलं तर त्याच रेग्युलेटरने एकदा पाण्याखाली श्वास घ्यायचा आहे. आई शाकाहारी, पाण्यात पाय बुडवण्यापलीकडे जाणार नाही. कुठे न्यावं? आणि जुनं सामान वापरू देतात का?

कोकणी_खेकडा
इतक्या लांब कशाला? तारकर्लीला या. एमटीडीसीची स्कुबा संस्था आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळ आहे, आणि निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त 'गुलदार' बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचं घाटतंय. आईंना सोलकढी मिळेल ती वेगळीच.

मिहीर_ठाणे
खेकडेभाऊ, तारकर्ली बाबांना पाठ आहे. तिथल्या पोरांनी मिस्त्राल हातात घेऊन "काका, हे व्हॅक्यूम क्लीनरचं आहे का?" विचारलं तेव्हापासून रुसलेत.

रेवा_ल्योंकर
मिहीर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नकाशावर एका बोटात मावतं: दक्षिण फ्रान्समध्ये तुलाँच्या पश्चिमेला बाँदोल आणि सानारी-सुर-मेर ही शेजारशेजारची दोन गावं. मी इथल्या क्लबबरोबर दर उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर असते, म्हणून जरा लांबण लावते.

एमिल गान्याँ हा एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर. युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, गाड्या गॅसवर चालायला लागल्या, त्या गॅसचा दाब नेमका सोडणारी झडप त्याने केली होती. फ्रेंच नौदलातला झाक कूस्तो त्याच्याकडे गेला आणि त्याच झडपेतून मागेल तेव्हाच हवा देणारा रेग्युलेटर झाला. पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत, आणि ती फसली. आडवं पोहताना ठीक, उभं राहिलं की हवा भसाभसा वाया, डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. हवा बाहेर पडण्याचं तोंड पडद्यापासून (पाण्याच्या दाबाप्रमाणे हवा सोडणारा तो रबरी पडदा) लांब होतं, त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या पाण्याच्या दाबात फरक पडायचा. उच्छ्वासाची नळी पाठीमागे पडद्याच्या शेजारी आणली आणि भागलं. बाबांच्या मिस्त्रालला दोन नळ्या आहेत त्या यामुळे.

सुधारलेलं यंत्र जून 1943 मध्ये लाकडी खोक्यातून रेल्वेने बाँदोल स्टेशनवर उतरलं. ते स्टेशन आजही चालू आहे, तुम्ही तुलाँहून लोकल गाडीने तिथेच उतराल. (बाबांना खोक्याची गोष्ट उतरण्याआधी सांगा, नाहीतर सामान ओढण्याच्या गडबडीत निसटेल.) कूस्तोने पहिली बुडी इथल्याच एका लहानशा खाडीत मारली. त्या वेळी हा किनारा इटालियन सैन्याच्या ताब्यात होता, त्यांच्या नजरेआड हे उद्योग चालले होते. सोबत फिलिप तायिए, सानारीचा फ्रेदेरिक द्युमा, आणि वर पृष्ठभागावर मास्क लावून नजर ठेवणारी कूस्तोची बायको सिमोन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये द्युमा मार्सेयजवळ 62 मीटरपर्यंत गेला. आजची साधी हौशी मर्यादा 40 मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या.

सानारीच्या बंदरालगत मध्ययुगीन बुरूज आहे, त्यात द्युमाच्या नावाचं डायव्हिंगचं संग्रहालय. छोटं आहे, पण सगळं आपल्या विषयाचं. उघडायच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आधी पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. समोर अँबिए बेट. 1942 मध्ये या मंडळींनी पहिला लघुपट तिथेच केला, तोही रेग्युलेटरशिवाय, श्वास रोखून. ल ब्रुस्कहून बोट मिळते.

मोनॅकोचं मोठं सागरी संग्रहालय लोक सुचवतील, कूस्तो 1957 ते 1988 तिथे संचालक होता वगैरे. भव्य आहे, पण मला विचाराल तर एका दिवसापेक्षा जास्त देऊ नका. खरी मजा सानारीच्या धक्क्यावर आहे.

मिहीर_ठाणे
रेवाताई, दंडवत. बाबांना वाचून दाखवलं, ते मार्नच्या चाचणीपाशी उठून कपाट उघडून बसले. आता त्यांचा एकच प्रश्न: मिस्त्राल घेऊन बोटीवर चढू देतील का?

जुना_पाना
हे माझं क्षेत्र, म्हणून घुसतो. पुण्यात हौसेखातर जुने रेग्युलेटर खोलून दुरुस्त करतो.

आहे तसा घेऊन बोटीवर गेलात तर नाही म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. मूळ मिस्त्रालला प्रेशर गेज जोडायला जागा नाही, जोडीदाराला द्यायला दुसरा माउथपीस नाही, तरंगण्यासाठीच्या जॅकेटमध्ये हवा भरायची नळी नाही. त्या काळी टाकीवर राखीव हवेची दांडी असायची. श्वास जड झाला की दांडी ओढायची आणि वर यायचं, झाला हिशोब. फ्रान्समध्ये उघड्या समुद्रात हवेने फुगणारं जॅकेट नियमानेच लागतं.

पण एक वाट आहे, आणि ती फ्रान्समध्ये सोपी आहे. तिथल्या क्लबच्या टाक्यांना बहुधा दोन तोटी असतात. एका तोटीला मिस्त्राल, दुसरीला आजचा रेग्युलेटर. गेज, जादा माउथपीस, जॅकेटची नळी सगळं दुसऱ्यावर. बाबा श्वास घेणार मिस्त्रालमधून, जीव राहणार आधुनिक सामानावर. क्लबला आधी ईमेल करा, फोटो जोडा, आणि पहिली बुडी किनाऱ्यावरून पाच-सहा मीटरमध्येच मागा.

टाकी काठोकाठ भरलेली घेऊ नका. आजच्या टाक्या 200 बारच्या वर भरतात, ते रेग्युलेटर त्याहून कमी दाबाच्या जमान्यातले. कोणी थोडी वापरलेली टाकी मागून घ्या. स्वतःची जुनी टाकी असेल तर घरीच ठेवा, चालू तपासणीचा शिक्का नसलेली टाकी कुठलाही शहाणा माणूस भरून देत नाही.

निघण्याआधी पडदा, नळ्या आणि आतली बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप बदला, सिलिकॉनचे नवे सुटे भाग मिळतात. जुनी नळी बाहेरून छान दिसते, पण ताणून उजेडात धरा, वळ्यांच्या खाचेत चिरा दिसतील. आणि आतल्या बुरशीतून श्वास घ्यायची हौस कोणालाच नसावी.

बाबांना सवयही लागेल. पालथं पोहताना पडदा पाठीवर, म्हणजे फुप्फुसांपेक्षा किंचित वर असतो, त्यामुळे हवा थोडी ओढून घ्यावी लागते. उताणं झालं की न मागता मिळते. नळीत पाणी शिरलं तर डाव्या कुशीवर वळून जोरात फुंकायचं, उच्छ्वासाची नळी डावीकडे असते. हे आधी ठाण्यातल्या एखाद्या तलावात, प्रशिक्षक शेजारी ठेवून घोटून घ्या. बदल्यात एक सुख मिळतं. बुडबुडे मानेमागून जातात, तोंडासमोर एकदम शांत. एकदा अनुभवलं की आजचे रेग्युलेटर बडबडे वाटतात.

टाम्पाचा_तात्या
फ्लोरिडाचाही विचार करा. इस्लामोराडाला डायव्हिंगच्या इतिहासाचं स्वतंत्र संग्रहालय आहे, शिरस्त्राणांची रांगच्या रांग. की लार्गोचं पाणी कोमट, प्रवाळ उथळ, दोन नळ्यांवाल्यांना आदर्श. इथली जुनी पिढी 1958 ते 61 च्या 'सी हंट' या पाणबुड्यांवरच्या टीव्ही मालिकेवर वाढली, त्यामुळे असलं सामान बघून बोटीवर गर्दी जमते. फक्त 1 जून ते 30 नोव्हेंबर वादळांचा हंगाम, ते सांभाळा.

ब्राइटन_बंडू
इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला हिस्टॉरिकल डायव्हिंग सोसायटीचं संग्रहालय आहे. पण तो विषय शिरस्त्राणवाल्यांचा. 1836 मध्ये डीन बंधू तिथल्याच समुद्रात 'मेरी रोझ' या बुडालेल्या जुन्या युद्धनौकेच्या अवशेषांवर उतरले होते. पाणी मात्र असं की आपल्या बाबांना मी तरी उतरवणार नाही.

मिहीर_ठाणे
तात्या, फ्लोरिडा मोहात पाडतंय, पण बाबांनी बाँदोल स्टेशनवर बोट ठेवलंय, आता माघार नाही. जून की सप्टेंबर? आणि आईचं काय?

रेवा_ल्योंकर
सप्टेंबर. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, साधारण 22-23 अंश, आणि ऑगस्टची झुंबड गेलेली असते. तरी 5 मिलिमीटरचा सूट घ्याच. उत्तरेकडून मिस्त्राल वारा सुटला की वरचं कोमट पाणी समुद्रात ढकललं जातं आणि खालचं गार वर येतं, एका रात्रीत पाच-सहा अंश उतरतात. बोटीही बंद राहतात, म्हणून डाईव्हचे दिवस आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र इंग्रजीत घेऊन या. डायव्हिंगच्या आरोग्यपत्रकात 45 च्या पुढच्यांना वेगळे प्रश्न असतात, तिथे अडकायला नको.

आईंसाठी सानारीच उत्तम. बुधवारचा मोठा बाजार बंदरावरच भरतो, रंगीत लाकडी होड्यांच्या समोर. तुलाँला 'काद' मिळते, चण्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं, म्हणजे जवळजवळ आपलं धिरडंच, पण मिरची बरोबर न्या. रातातुई (भाज्यांचा रस्सा) सगळीकडे असते. एक दिवस इयेरजवळून पोर्केरोल बेटावर जा. खाजगी गाड्यांना बंदी आहे, सायकली भाड्याने मिळतात, किनारे वाळूचे.

बाबा बोटीवर बुडालेलं मालवाहू जहाज 'दोनातोर' किंवा तळाशी असलेली पाणबुडी 'र्युबी' यांचं नाव ऐकतील आणि हट्ट धरतील. पहिलं 50 मीटरच्या आसपास, दुसरी 40. दोन्हींना नाही म्हणा, आईंकडून म्हणवून घ्या.

जुना_पाना
+1. आणि शेवटच्या डाईव्हनंतर विमानापर्यंत किमान 18 तास, 24 ठेवलेत तर उत्तम. मिस्त्राल हँडबॅगेत ठेवा, सोबत छापील फोटो आणि दोन ओळींची माहिती. सिक्युरिटीवाल्यांना तो व्हॅक्यूम क्लीनरचाच वाटणार.

मिहीर_ठाणे
हाहा, हे बाबांना वाचून दाखवत नाही. क्लबला ईमेल पाठवतोय, दोन तोटीच्या टाकीचं लिहिलंय. रेवाताई, फ्रेंचमध्ये एकदा नजर टाकाल का? व्यनि करतो.

रेवा_ल्योंकर
करा की. मिस्त्रालचा मागून काढलेला फोटो नक्की जोडा, त्यावरचा सिरीयल नंबर दिसला पाहिजे. क्लबमधली म्हातारी मंडळी आधी तोच बघतात.